सीट काढलेली गाडी

गाडीचं मधलं सीट काढलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. बोल्ट गंजून बसले होते, एकाचं डोकं तुटलं, हाताची साल गेली, तरी मी खुशीत होतो. आता या म्हणावं, बघू कुठं बसता ते, असं मनाशी म्हणत पाना फिरवत होतो.

त्याला कारण होतं. आमचं गाव भोर तालुक्यात, आंबवड्याच्या अलीकडं, मुख्य रस्ता सोडून आत. एसटीचा भरवसा नाही. अशा गावात सात सीटांची गाडी ज्याच्या दारात उभी असते, त्याची एकट्याची ती कधीच नसते. मी ती सेकंड हँड घेतली तेव्हा घरात माणसं होती. आई होती, बायको होती, दोन्ही मुलं होती. पुढं आई गेली, लेक लग्न होऊन नाशिकला गेली, मुलगा बंगळूरला कामाला लागला. मग बायकोही गेली. गाडी तेवढी राहिली आणि तिच्यावरचा गावाचा हक्क राहिला. मुलगी बघायला जायचंय, काढा गाडी. भोंगवलीला साखरपुडा आहे, काढा गाडी. म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा दहावा, काढा गाडी. भोरच्या शाळेची प्रयोगशाळा जन्मभर सांभाळून मी रिटायर झालो तो काय ह्यांचा ड्रायव्हर व्हायला?

खरं तर चिडायचं कारण एवढंच नव्हतं. बायको होती तेव्हा ती पुढं माझ्याशेजारी बसायची आणि मान वळवून मागच्यांशी गप्पा मारायची. त्या गप्पांत मीही असायचो, न बोलता. ती गेल्यावर मागची माणसं आपापसांत बोलायला लागली आणि शेजारच्या सीटवर पिशव्या ठेवायला लागली. कुणाच्या तरी वांग्याची पिशवी तिथं मला बघवायची नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी डिझेलच्या नावानं कुरकुर करायचो.

मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता डोक्यात आलं, की गाडीतच झोपायची सोय करावी आणि वेल्ह्याकडं डोंगरात जाऊन राहावं. मागची सीटं आधी काढली, मग मधलं. भोरच्या सुताराकडून प्लायवूड कापून आणलं. डाव्या अंगाला पलंग बसवला, उजव्या अंगाला पार टपापर्यंत कपाट. त्यात शेगडी, भांडी, तांदूळ, पाण्याचा कॅन. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी केली, ती चुंबकानं चिकटायची. कापूरहोळच्या एका वेल्डरनं टपावर कॅरिअर करून दिला. जाड नक्षीचे टायर टाकले, स्प्रिंगखाली रबर देऊन गाडी जरा उंच केली. मोजायचं, कापायचं, घासायचं काम मला पहिल्यापासून आवडतं. दिवस कुठं जायचे कळायचं नाही.

मधलं सीट फाट्यावरच्या चहावाल्याला देऊन टाकलं. त्यानं ते विटांवर मांडलं आणि गावातली झाडून सगळी माणसं त्यावर बसून चहा प्यायला लागली. मी गाडी घेऊन तिथनं गेलो की एकजण हमखास म्हणायचा, "सर, आता लई बरं हाय, मधीच ब्रेक लागत न्हाई." सगळी हसायची. मीही हसायचो आणि न थांबता पुढं जायचो.

पहिल्यांदा गेलो ते वेल्ह्याच्याही पुढं, केळदच्या अंगाला. डांबरी सोडून एका दगडगोट्याच्या वाटेनं गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून वर घेतली. चाकाखाली दगड सरकत होते, पण गाडी कुठं अडली नाही. माळावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, समोर तोरणा होता. मला कुणाला तरी म्हणायचं होतं, की बघ, चढली की नाही. तिथं कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं गवताचा भारा घेऊन एक बाई आली. गाडीत डोकावून पलंग, कपाट, जाळी सगळं बघून घेतलं आणि म्हणाली, "एकलंच?"

"हो."

"घरी भांडण झालं व्हय?"

मी म्हणालो, भांडायला घरी कुणी नाही. तर म्हणाली, "मग रानात का निजताय? हितं खाली घर हाय आमचं. चला, भाकरी खावा." मी नको म्हणालो. मला निवांतपणा पाहिजे, असं काहीबाही सांगितलं. तिला ते पटलं नाही. ती भारा सावरत उतरून गेली आणि ती नजरेआड झाल्यावर मला वाटलं, गेलो असतो तर काय बिघडलं असतं.

पण झोप चांगली लागली. म्हणून मी जात राहिलो.

मग कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की फोन वाजत नाही. आधी वाटलं रेंजची भानगड असेल. बंद करून चालू केला, चहावाल्याला एक मिस्ड कॉल द्यायला लावून बघितला. फोन धडधाकट होता. पत्रिका यायच्या, पण देणारा दारातूनच म्हणायचा, "आमी टेम्पो सांगितलाय, तुमी या आपलं सवडीनं." मी मागितलं होतं तेच मला मिळालं होतं. तक्रार कुणाकडं करणार? तरी राग यायचा.

वरच्या आळीला माझी वहिनी राहते, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शिरवळला कंपनीत, पाळीप्रमाणं जातो. कालवण केलं की वहिनी वाटीभर मला आणून द्यायची. एक दिवस सकाळी मी अंगणात जाळीला चुंबक चिकटवत बसलो होतो. दुधाचा टेम्पो भलत्याच वेळी वरून खाली आला. मागं चार-पाच माणसं दाटीनं बसलेली. मी हात केला. कुणी केला नाही. टेम्पो गेला आणि मी पुढचं चुंबक घेतलं.

दुपारी चहावाल्याकडून कळलं. वहिनी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती, मुलगा कामावर. मग दुधाचे कॅन उतरवून तिला टेम्पोत घातलं, दोघांनी दोन्हीकडनं धरून बसवलं आणि नेलं. भोरमध्ये ऑपरेशन होईना, म्हणून पुढं पुण्याला.

"मी घरीच होतो की," मी म्हणालो.

"आता तुमच्या गाडीत बसाय जागा न्हाई, सर."

"बसायचं कुणाला होतं? तिला निजायचं होतं. अख्ख्या तालुक्यात अंथरूण घातलेली गाडी माझी एकट्याची, आणि तुम्ही तिला टेम्पोत बसवून नेलीत?"

 सीटवर बसलेल्या माणसांची चूक नव्हती. माझी गाडी कुणाला आठवलीच नव्हती, एवढंच झालं होतं.

पुण्याला दवाखान्यात गेलो. ऑपरेशन झालं होतं. वहिनी पांढरीफटक दिसत होती. मी आधी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मग जवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, मला हाक का नाही मारलीत?"

"म्हनलं, तुमाला आता मानसं नको झाल्यात," ती म्हणाली. कसलाही राग नव्हता. जेवण झालं म्हणून सांगावं तसं सांगितलं तिनं.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा पुतण्यानं अॅम्ब्युलन्स ठरवली होती. मी म्हणालो, माझ्या गाडीतनं न्यायची. तो म्हणाला, "काका, तुम्हाला कशाला त्रास?" तिथं माझा तोल गेला. म्हणालो, "मी काय मेलोय का?" वॉर्डातली सगळी बघायला लागली.  डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सरळ निजवून, सावकाश न्या.

मी धुतलेली चादर घातली होती. स्ट्रेचर मागच्या दारातून घेऊन चौघांनी तिला अलगद पलंगावर घेतलं. मागं दुसऱ्या कुणाला जागा नव्हती आणि पुतण्याची मोटरसायकल दवाखान्यातच होती, त्यामुळं तो ती घेऊन मागून आला. हायवेला मी गाडी पार कडेनं चालवत होतो. आरशात वहिनी दिसत नव्हती, कपाटाचं प्लायवूड तेवढं दिसत होतं. शिवरे गेलं, कापूरहोळला भोरकडं वळलो, तशी मागून हाक आली.

"भावजी, हे एवढं अरुंद का वो केलंय?"

"एकट्यापुरतं केलंय."

"घरी केवढा पलंग हाय तुमचा. त्यो सोडून हितं येऊन निजायचं, म्हंजी काय म्हनावं?"

लोकांना मी डोंगरातली हवा सांगायचो, तोरणा सांगायचो. तिलाही तेच सांगता आलं असतं. पण ती दिसत नव्हती आणि मी रस्त्याकडं बघत होतो, म्हणून बोललो.

"घरच्या पलंगावर अर्धी जागा मोकळी राहते, वहिनी. झोप लागत नाही. हिथं दुसऱ्याला जागाच नाही, म्हणून लागते."

 मला वाटलं, औषधानं तिचा डोळा लागला असेल. एक खड्डा आला, तो मी गाडी जवळजवळ थांबवून पार केला.

"म्या बी खाटंवर निजत न्हाई," ती म्हणाली. "तुमचं दादा गेल्यापासनं खालीच अंथरते. समद्यास्नी सांगते, कंबरंला बरं वाटतं."