साडूभाऊंचं एस्टिमेट

अख्ख्या कुवेतमध्ये माझ्या साडूंइतका बिनचूक माणूस नाही, आणि हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय. फहाहीलला एका कंत्राटदार कंपनीत ते एस्टिमेटर आहेत. इमारतीला फरशी किती, रंग किती, हे ते आधी सांगतात आणि पुढे तेवढंच लागतं. हे सगळं ऑफिसातच राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण हा गृहस्थ घरी येऊन टूथपेस्टचंही एस्टिमेट काढतो. आणि मेलं तेही चुकत नाही! इकडे अब्बासियात आमची पेस्ट संपते ती नेमकी खाली कंपनीची बस हॉर्न देत असताना. मग बाथरूमच्या दाराबाहेरून बायको म्हणते, "भावोजींकडे असं कधी होत नाही हो." ती आणि साडूंची बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे तिकडचा प्रत्येक पराक्रम फोनवरून इकडे पोचतो. हा माणूस एकदा, फक्त एकदाच, हिच्यादेखत चुकावा, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

"त्यात काय, साधा हिशेब आहे," असं ते म्हणतात. घरच्यांनी मसुराएवढी पेस्ट घ्यायची, पाहुण्यांना वाटाण्याएवढी माफ. शुक्रवारी सुट्टी, सगळे उशिरा उठणार, म्हणून सकाळचा खप कमी. पण दुपारी सुरमई आणि कच्चा कांदा, म्हणून रात्री भरपाई. ट्यूब शेपटीकडून गुंडाळत आणायची आणि गुंडाळीला ऑफिसातली काळी क्लिप लावायची. मधोमध दाबलेली ट्यूब दिसली की त्यांचा चेहरा सुतकी होतो. त्यांची मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट टूथपेस्ट!" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बाळा, जस्ट असं काही नसतं. अख्खा टॉवर एका फरशीपायी अडून राहतो." मुलीने कानात हेडफोन घातले. मला मात्र ते वाक्य बायकोकडून पुढचा महिनाभर ऐकावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगचा एसी बंद पडला आणि आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो. मी मनात म्हटलं, हीच वेळ आहे. रोज सकाळी बाथरूमची कडी लावायची, दात घासायचे, आणि वर चांगली बोटभर पेस्ट बेसिनमध्ये सोडून पाणी मारायचं. वाया जाताना तिचा वास इतका छान येत होता म्हणून सांगू! ट्यूब पार चपटी झाली. आता जमियात, म्हणजे वस्तीच्या सहकारी दुकानात, साडूभाऊ धावत जाणार आणि मी ते हिला दाखवणार. निघायच्या दिवशी त्यांनी कपाट उघडून नवी ट्यूब काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून वेस्टेज जरा जास्तच धरलं होतं." टॅक्सीत घरी पोचेपर्यंत बायको हसत होती.

आमच्यापैकी कुणीही रजेवर गावी निघालं की साडूभाऊ नानांसाठी पेस्टची पिशवी देतात. नाना म्हणजे आमचे सासरे, गुहागरकडे एकटे राहतात. वर्षाचं एस्टिमेट करून तेवढ्याच ट्यूबा, एक कमी नाही की जास्त नाही. यंदा मी एकटाच पिशवी घेऊन गेलो. नानांनी ती ठेवायला कपाट उघडलं आणि मी बघतच राहिलो. आत गेल्या वर्षीच्या, त्याआधीच्या, सगळ्या ट्यूबा रांगेत, खोकीसुद्धा न फोडलेल्या! नानांनी हसून तोंडातली कवळी काढून दाखवली. कधीच बसवली होती म्हणे, मुलींनाही न सांगता. अहाहा! बिनचूक माणूस चुकला होता आणि पुरावा खणभर होता. माझ्या मनात ढोलताशे वाजायला लागले.

"जावईबापू, त्यांना सांगू नका हो," नाना म्हणाले. "दर शुक्रवारी फोन करतात. दात कसे आहेत, पेस्ट पुरते का, विचारतात. मला बरं वाटतं." मागच्या खेपेला मी आणलेली अत्तराची बाटली कुठे दिसते का, म्हणून मी हळूच कपाटात डोकावलो. विचारलं तर ती त्यांनी शेजारच्या लग्नात देऊन टाकली होती. खरं सांगतो, त्या क्षणाइतका साडूंचा हेवा मला कधीच वाटला नव्हता.

परत आल्यावर फहाहीलला जेवायला गेलो. बायको शेजारीच होती. साडूभाऊंनी पानावर बसता बसताच विचारलं, "नानांना पेस्ट पुरली ना?" घास माझ्या हातात तसाच राहिला. मग म्हटलं, "अगदी नेमकी. मी गेलो त्या सकाळीच शेवटची पिळली म्हणाले." त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. बायकोने माझ्याकडे नेहमीसारखं पाहिलं.

आता मीही नानांना फोन करतो, पण शनिवारी. परवा ते संकोचत म्हणाले, "पुढच्या खेपेला कवळी धुवायच्या गोळ्या आणाल का? तिकडे चांगल्या मिळतात म्हणे." मला इतका आनंद झाला की लगेच दुकानात गेलो आणि फळीपुढे उभा राहिलो. वर्षाला किती लागतील, काही केल्या अंदाज येईना. नेमकं सांगणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये एकच आहे, आणि त्यालाच विचारता येत नाही.