नेमकं कुठून?

शिकागोत आमच्या खालच्या मजल्यावर एक रॅपर राहतो. रॅपर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साखळ्या घातलेला पोरगा येतो. हा पन्नाशी उलटलेला, गुडघे धरून जिना चढणारा, आठवडाभर शाळेची बस चालवणारा गृहस्थ आहे. स्पॅनिशमध्ये रॅप करतो, आणि तरुणपणापासून त्याच त्या गोष्टींवर करत आलाय: वाढतं घरभाडं, बुडवलेली मजुरी, पोलिसांची दादागिरी. माझी मुलगी शाळेत स्पॅनिश शिकते, ती मला अर्थ सांगते. बऱ्याचदा गरजच पडत नाही. माझे बाबा नागपुरात जयंतीच्या स्टेजवर गायचे. गाण्यातून कुणाची तरी खरडपट्टी काढली जातेय, हे मला कुठल्याही भाषेत कळतं.

दर उन्हाळ्यात बागेत त्याचा कार्यक्रम होतो आणि शेवटचं गाणं ठरलेलं असतं. त्यात मध्येच शब्द थांबतात, नुसता ठेका चालू राहतो, आणि तो माईक लोकांपुढे धरतो. ज्याच्यापुढे माईक येईल त्यानं आपलं गाव ओरडून सांगायचं. देश नाही, मोठं शहर नाही, नेमकी जागा.

आता हाच प्रश्न मला इथल्या मराठी मंडळात दर दिवाळीला कोणीतरी विचारतं. "नागपुरात नेमकं कुठे गं?" फराळाची प्लेट हातात देता देता, गोड हसून. वस्तीचं नाव घेतलं की जात आपोआप कळते, म्हणून मी "स्टेशनजवळ" म्हणते आणि चिवड्याचा बकाणा भरते. या माणसानं पहिल्यांदा माझ्यापुढे माईक धरला तेव्हा मात्र मी वस्तीचं नाव घसा फोडून ओरडले. तिथे त्यावरून कोणाला काही ताडता येणार नव्हतं. अमेरिकेत ते नाव मी तेवढ्या एकाच ठिकाणी मोठ्यानं घेते, आणि त्यासाठी मी अख्खा हिवाळा काढते, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या भागात कागदपत्रं नसलेल्यांना धरून नेणाऱ्या इमिग्रेशनवाल्यांच्या गाड्या फिरायला लागल्या. मुलं शाळेच्या बसला येईनाशी झाली, असं तो सांगायचा. तरी कार्यक्रम करायचाच, हे त्यानं ठरवलं होतं. मी त्याला बिल्डिंगच्या लाँड्रीत गाठलं. आमचं बोलणं इंग्रजीत, भांडणही इंग्रजीतच.

"कार्यक्रम कर," मी म्हटलं, "पण ते गावाचं काढ. कोण कुठून आलंय, हे लोकांना चारचौघांत विचारायचे दिवस आहेत का हे?"

"ते काढलं तर गाण्यात उरलं काय?"

"तू पोर्तो रिकोचा. तुझा पासपोर्ट जन्मापासून अमेरिकन. त्या लोकांचं काय? माझं काय? माझं ग्रीन कार्ड अजून लटकलेलंच आहे."

"लोक घाबरून गप्प बसतात, म्हणून तर मी गातो."

"मग तू गा. त्यांना कशाला बोलायला लावतोस?"

तो ओले कपडे तसेच बादलीत भरून निघून गेला. मी संतापले होते. आतून घाबरले होते, म्हणून जरा जास्तच.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, वी डोन्ट हॅव टू गो." तरी गेलो. नेहमीच्या मानानं गर्दी नव्हतीच. आलेले लोकही एकमेकांपासून लांब, आपापल्या गाड्यांच्या जवळ उभे होते. शेवटचं गाणं सुरू झालं. शब्द थांबले आणि त्यानं एका माणसापुढे माईक धरला. तो माणूस खाली बघत राहिला. दुसऱ्यानं हसून मान हलवली. मग माईक गेला आमच्या कोपऱ्यावर मक्याच्या पानात उकडलेले तमाले विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशीपुढे, आणि तिनं खणखणीत आवाजात आपलं गाव सांगितलं.

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. मीसुद्धा. पलीकडे पायवाटेवर कोणीतरी अनोळखी माणूस मोबाईलवर शूटिंग करत होता. असेल कोणी साधा वाटसरू. पण मावशीनं त्याला पाहिलं. आपली पिशवी बाकावर टाकून ती गेटकडे निघाली, त्या वयात, जवळजवळ धावतच.

रॅपरनं माईक स्वतःकडे ओढला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला. मुलगी माझ्या कानाशी पुटपुटली, "ही सेड, नोबडी ॲन्सर. ही सेड सॉरी. ही सेड, गो होम, बट नॉट ऑल टुगेदर." लोक एकेक करून पांगले. ठेका चालूच होता. गावांच्या नावांसाठी सोडलेल्या जागा तशाच रिकाम्या वाजत राहिल्या. माईक माझ्यापर्यंत आलाच नाही. आला असता तरी मी तोंड उघडलं नसतं.

मावशीची पिशवी घेऊन मी त्याच्याजवळ गेले. तो केबल गुंडाळत होता. त्यानं भांडावं असं मला फार वाटत होतं. तुझ्यासारख्यांमुळेच लोक गप्प बसतात, असं तरी म्हणावं. त्याच्या तोंडावर सुनावायला माझ्याकडे उत्तरं तयार होती.

"यू वेअर राइट," तो म्हणाला.

आयुष्यभर बोला, बोला म्हणून लोकांच्या मागे लागलेला माणूस मान खाली घालून मला हे सांगत होता. त्यापेक्षा त्यानं माझ्या एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.