हळूकाका आणि हिरवी भिंत

माझ्या काकांना वाईट बातमी सांगता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. असा माणूस घरात असला की बाकीच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी शाळेत एका वर्षी नापास झाले, तेव्हा निकाल आणायला काका गेले होते. परत आल्यावर ते खुर्चीत बसले आणि माझ्या आईला म्हणाले, वहिनी, जरा चहा टाकता का. चहा संपल्यावर त्यांनी शाळेला दिलेल्या नव्या रंगाचं वर्णन केलं, मग मुख्याध्यापकांच्या गुडघ्याची चौकशी कशी केली ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की पोरीला पुढच्या वर्षी बाक शोधत बसावं लागणार नाही, ओळखीचाच आहे. आईला अर्थ लागेपर्यंत मी मागच्या दारानं पसार झाले होते.

काकूंचे वडील गेले तेव्हा तर काकांनी कपामागून कप मागितला. काकू स्वयंपाकघरातूनच रडायला लागल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "कोण गेलं तेवढं सांगा, चहा मी करतेच आहे."

काका गाद्यांच्या कारखान्यात रिपोर्ट काढायच्या कामावर होते. मीही तिथेच, शिलाई विभागाची सुपरवायझर. कारखान्यात सगळे त्यांना हळूकाका म्हणायचे, कारण काहीही सांगायच्या आधी ते म्हणायचे, "हळूच सांगतो हं." त्यांच्या खोलीत एक संगणक होता. काळा पडदा, त्यावर बारीक हिरवी अक्षरं. तो इतका जुना होता की दुरुस्तीला येणारा माणूस आधी त्याचं वय विचारायचा आणि मग आपली फी वाढवायचा. काल किती गाद्या शिवल्या, किती विकल्या गेल्या, किती परत आल्या, हे सगळं त्याच्या पोटात असायचं. रोज सकाळी काका त्यातून रिपोर्ट काढायचे. प्रिंटर किंचाळायला लागायचा, कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद बाहेर यायचा, आणि तो आवाज ऐकूनच आमच्याकडच्या बायका शिलाई यंत्रांना तेल घालायला उठायच्या.

मग त्या कागदाच्या घड्या काखेत घालून काका केबिनी फिरायचे. कागद टेबलावर ठेवून निघून जाणं त्यांना कधी जमलं नाही. विक्री चांगली असली की उभ्या उभ्या कागद द्यायचे आणि पुढे सरकायचे. घसरली असली की आत जाऊन खुर्ची ओढायचे, चष्मा पुसायचे, मुलाबाळांची चौकशी करायचे. आणि फारच बिनसलं असलं, तर चहा मागायचे. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकानं ट्रकभर गाद्या परत पाठवल्या होत्या, तेव्हा विक्रीप्रमुखांना काकांनी दोन घोट घेतल्यावर सांगितलं की आपला ट्रक काल रिकामा परतला नाही. ते आधी खूशच झाले.

अशी आमची गाडी चालली होती. मग आमच्या मालकीणबाई कुठल्याशा प्रदर्शनाला गेल्या आणि तिथे कुणाच्या तरी कारखान्याची भिंत बघून आल्या. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर रंगीत चौकोन, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक विभाग. काम बरं चाललं असेल तर हिरवा, जरा खाली गेलं तर पिवळा, वाईट असेल तर लाल. पान उलटायला नको, बेरीज करायला नको, सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर. मालकीणबाईंनी ठरवलं, आपल्याकडेही हेच.

नवं सॉफ्टवेअर बसवायला एक तरतरीत मुलगी आली. काकांचा जुना संगणक आणि तिचा लॅपटॉप शेजारी ठेवून ती दिवसचे दिवस एकातली माहिती दुसऱ्यात नेत होती. काका सुरुवातीला तिच्याशी जरा फुगूनच होते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मला तिच्याबद्दल म्हणाले, आणि लगेच, तिनं ऐकलं तर वाईट वाटेल म्हणून, पोरगी हुशार आहे असंही म्हणाले. ती खरंच हुशार होती. काकांचं सगळं पद्धतशीर समजून घ्यायची. एक दिवस तिनं विचारलं, "काका, आकडा किती खाली गेला की लाल दाखवायचं?"

काकांनी बराच विचार करून विचारलं, "लाल दाखवायलाच हवं का?"

ती म्हणाली, हवंच. मर्यादा मात्र तुम्हीच ठरवा, तुमचा कारखाना तुम्हाला ठाऊक. आणि इथेच माशी शिंकली. दुसरा कोणी असता तर जुने रिपोर्ट बघून त्यानं मर्यादा ठरवल्या असत्या. आमचे काका प्रत्येक विभागप्रमुखाला भेटायला गेले. तुमच्याकडे कधी लाल दाखवू, चालेल ना, असं विचारत फिरले. आता स्वतःच्या डोक्यावर लाल दिवा कोण लावून घेणार? विक्रीप्रमुख म्हणाले, महिनाभर एकही गादी विकली गेली नाही तर खुशाल दाखवा. गोदामवाला म्हणाला, माल छताला टेकला की लाल. काकांनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि त्या मुलीला तसंच सांगितलं. तिला काय, तिनं तसंच बसवलं. त्यांनी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, "काका, माझं काम बिघडलं की त्या दिवशी लाल दाखवा." त्यांनी माझ्यासाठी लालच्या जागी पिवळं ठेवलं, पुतणी म्हणून.

पडदा लागला. प्रिंटर भंगारात गेला. काकांना पडद्यावर लक्ष ठेवायचं काम मिळालं, म्हणजे हिरव्या भिंतीकडे बघत बसायचं. केबिनी फिरणं बंद झालं, कारण सगळ्यांना सगळं बसल्या जागी दिसत होतं. भिंत इतकी हिरवीगार असायची की तिथे कुणी गाय सोडायचीच काय ती बाकी होती.

आणि नेमकं त्याच काळात हॉटेलांनी आमच्या जाड गाद्या घेणं बंद केलं. त्यांना पातळ हव्या होत्या आणि त्या दुसरीकडे मिळत होत्या. विक्री अर्ध्यावर आली, पण शून्यावर थोडीच आली होती? म्हणून हिरवी. गोदाम भरत चाललं. ते छताला टेकणार असं दिसल्यावर गोदामवाल्यानं जास्तीच्या गाद्या जिन्यात रचायला सुरुवात केली. जिन्यातल्या गाद्या गोदामात मोजल्या जात नव्हत्या, म्हणून गोदामही हिरवं. मग जिना भरला, मग मीटिंगची खोली भरली. आमचे हिशेबनीस जेवणानंतर तिथे आडवे व्हायला लागले आणि कारखान्यात इतकी सुखसोय यापूर्वी कधी नव्हती असं म्हणायला लागले. मालकीणबाई गुडघ्यांमुळे लिफ्टनं ये-जा करायच्या. एकदा लिफ्टचं दार मधल्या मजल्यावर उघडलं, गाद्यांचा ढीग दिसला, तर त्या म्हणाल्या, "वा, माल कसा धडाधड तयार होतोय." आणि त्यांनी शिलाईचं दुसरं मोठं यंत्र घ्यायचं ठरवलं.

ते ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. विकल्या न जाणाऱ्या गाद्या दुप्पट वेगानं शिवायच्या आणि त्यासाठी कर्ज काढायचं, म्हणजे वर्षभरात कारखान्याला कुलूप. माझ्या हाताखालच्या बायका कुठे जाणार होत्या? मी कुठे जाणार होते? मी तडक केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मालकीणबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, तुला पहिल्यापासून सगळीकडे वाईटच दिसतं, बोर्ड बघ. त्यांचं तसं चुकलं नव्हतं. मी कामावर लागल्यापासून तक्रारीच करत आले होते. रोज ओरडणाऱ्याचं खरं कोण मानणार?

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले आणि भांडले. रंग तुम्ही ठरवलेत, आता तुम्हीच जाऊन सांगा, म्हटलं. काका म्हणाले, बघतो, सावकाश विषय काढतो. यंत्रवाला सह्या घ्यायला दुसऱ्याच दिवशी येणार होता. काकू भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"अहो, भीड ही भिकेची बहीण. उद्या सरळ आत जायचं, उभ्यानं सांगायचं आणि बाहेर यायचं. चहाचं नाव काढायचं नाही."

मग त्यांनी काकांकडून तालीम करून घेतली. समोर माणूस असला की काकांची जीभ वळेना, म्हणून त्यांना फ्रीजसमोर उभं केलं. फ्रीजला काकांनी तीनदा सरळ सांगितलं की माल खपत नाहीये. चौथ्यांदा ते त्याला "बरं आहे ना सगळं?" असं विचारायला लागले, तेव्हा काकूंनी त्यांना जेवायला बसवलं. सकाळी त्यांना घरूनच दोन कप चहा पाजून पाठवलं, म्हणजे तिथे मागायला नको.

सकाळी नव्या यंत्राची जागा ठरवायला म्हणून मला केबिनमध्ये बोलावलं होतं. यंत्रवाला कागद पसरून बसला होता. काका आत आले. बसले नाहीत. एका दमात म्हणाले, "बाई, माल खपत नाहीये. गोदाम भरून जिन्यात आलंय. यंत्र घेऊ नका."

काकांचा मला इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता. मालकीणबाई मात्र हसल्या. "पुतणीनं पढवून पाठवलं वाटतं," म्हणाल्या. "बसा की काका." काका म्हणाले, नको, उभाच बरा. ते ऐकून तर त्या अगदीच निश्चिंत झाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी मध्ये बोलायला गेले तर मला गप्प केलं. काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फ्रीजला सांगितलं होतं तसं, शब्दन्‌शब्द. मालकीणबाईंनी मान हलवली आणि सही कुठे करायची ते यंत्रवाल्याला विचारलं. त्यानं बोट ठेवून दाखवलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"बाई," ते म्हणाले, "जरा चहा सांगता का?"

मालकीणबाईंचा हात जागच्या जागी थांबला. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि यंत्रवाल्याला बाहेर बसायला सांगितलं. तो काहीतरी सवलतीचं बोलत होता, ते त्यांनी ऐकलंही नाही.

"काका, किती वाईट आहे?"

"साखर जरा जास्त सांगा," काका म्हणाले.

चहा आला. काकांनी मग सगळं सांगितलं, आपल्या पद्धतीनं, वळणं घेत घेत. हॉटेलं, पातळ गाद्या, जिना, मीटिंगच्या खोलीत झोपणारे हिशेबनीस. रंग कुणी ठरवले हा भाग आला तेव्हा काकांनी दुसरा कप मागितला. तो त्यांना मालकीणबाईंनी स्वतः ओतून दिला. मग म्हणाल्या, "खरं सांगू? तुमचा तो लांब कागद मी कधी वाचलाच नाही. तुम्ही उभे राहता की बसता, एवढंच बघायची. भिंत लागल्यापासून तुम्ही यायचेच बंद झालात." काकांनी कप उचलून एक घोट घेतला.

त्या दिवशी मालकीणबाई गुडघे धरत जिन्यानं खाली उतरल्या. अर्ध्या वाटेत दमून आपल्याच गाद्यांवर बसल्या. यंत्र घेतलं नाही. आम्ही पातळ गाद्या शिवायला शिकलो, काही महिने अर्ध्या दिवसाचं काम आणि अर्धा पगार यावर काढले, बायकांच्या शिव्या मी खाल्ल्या, पण कुणी घरी बसलं नाही.

भिंतीचं सांगायचं राहिलंच. त्या मुलीला पुन्हा बोलावून मर्यादा खऱ्या आकड्यांवर बसवल्या, तर भिंत सगळीच्या सगळी लाल झाली. विक्रीप्रमुख भिंतीकडे पाठ करून बसायला लागले. दोन दिवसांनी मालकीणबाईंनी त्या मुलीला विचारलं, लालच्या जागी दुसरं काही दाखवता येईल का. ती म्हणाली, काहीही दाखवता येतं. तेव्हापासून आमच्या भिंतीवर लाल चौकोन येत नाही. ज्या विभागाचं बिनसलं असेल त्याच्या चौकोनात चहाचा कप येतो.

परवा माझ्या विभागात कप आला. लपवायला जागा नव्हती, अख्खा कारखाना बघत होता. तेवढ्यात काका आले आणि खुर्ची पुढे करून म्हणाले, "बस आधी."