तिन्हीसांजेआधीचा दिवा

हे मी आमच्या ह्यांना सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा निम्म्यातच थांबते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून? कोण जाणे.

कौसल्या माझी चुलत जाऊ. तेलगावच्या अलीकडे शेतात आमची वस्ती. दोन घरं, समोरासमोर, मध्ये एकच अंगण. तिचा नवरा सुदाम. तो पिऊन आल्यावरच मारतो, एरवी गरीब गाय आहे, असं भावकीत म्हणायचे. मी समोर राहत होते. तो न पिताही मारायचा. भाकरी करपली, पाहुण्यासमोर हसली, काहीही पुरायचं.

तिनं एक वाट काढली होती. त्याचा रंग बदललेला दिसला की वाटी घेऊन माझ्याकडे यायची, मागं पदर धरून तिची पोरगी. "अक्का, विरजण द्या." दारात दोन म्हशी असलेल्या बाईला सारखं विरजण कशाला लागतं? पण विरजणाला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही. मला कळायचं. मी तिला चुलीपाशी बसवायची, हातात निवडायला काहीतरी द्यायची, आणि तो झोपला की ती वाटी घेऊन परत जायची. कित्येक वर्षं हे असंच चाललं. आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

आमच्यात एक रीत आहे — तिन्हीसांजेचा दिवा लागला की दूध, दही, विरजण घराबाहेर द्यायचं नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. सासूबाईंनी पाळली, मीही पाळते. कौसल्यालाही ठाऊक होतं, ती दिव्याआधीच यायची. कधी तिला उशीर झाला तर मीच काडीपेटी हातात धरून, दिवा न लावता थांबायची. बघा, इतकी चांगली होते मी! हे आधी सांगून घेते आहे, कारण पुढचं सांगायला जीभ उचलत नाही.

त्या दिवसांत माझ्या लेकीचं बघणं चाललं होतं. दोन स्थळं मोडली होती. तिसरं सिरसाळ्याचं, चांगलं घर. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते आणि मी करंज्या तळत बसले होते. आदल्याच आठवड्यात सुदामनं आमच्या दारात उभं राहून मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या — माझी बायको लपवतेस म्हणून. हे म्हणाले होते, "त्येंचं भांडण आपल्या उंबऱ्यात आणू नको. पोरीचं ठरू दे आदी."

खिडकीतून ती दिसली. वाटी पदराखाली, मागं पोरगी. घाईघाईनं येत होती.

आणि मला — खरं सांगते — तिची दया नाही आली. राग आला. आजच का? माझ्याच पोरीच्या वेळेला का?

मी उठले आणि दिवा लावला.

लिंबाच्या शेंड्यावर अजून ऊन होतं. कोंबड्या अंगणात होत्या. दिव्याची वेळ झालीच नव्हती. ती अंगण ओलांडेपर्यंत मी वात पेटवली, हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडून उभी राहिले. देवापुढे.

ती दारात येऊन थबकली. "दिवा लागला व्हय, अक्का?"

"लागला की गं. आता कसं द्यावं? सकाळी ने."

तिनं दिव्याकडे बघितलं. आभाळाकडे बघायचं भान तिला कुठलं असणार! "बरं," म्हणाली आणि पोरीला घेऊन परत गेली. मी कढईपाशी बसले. एक घाणा जळाला होता, तो काढून टाकला.

त्या रात्री सुदामनं पोरीचा गळा धरला. कौसल्याच्या हाती वरवंटा आला, तो तिनं त्याच्या डोक्यात घातला. तो मेला, पोरगी वाचली. उजाडल्यावर आम्ही दार उघडलं तर ती अंगणात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पळाली नाही. पळून कुठं जाणार होती?

भावकी बसली. थोरले म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. कुणी काय बघितलं न्हाई, ऐकलं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

कोर्टात सरकारी वकिलाचं एकच म्हणणं — समोर जावेचं दार होतं, जिवाची भीती होती तर ही तिकडे का गेली नाही? म्हणजे हिच्या मनात आधीपासूनच होतं. पोरगी लहान, तिचं बोलणं आईनं पढवलेलं ठरलं. मग तिच्या वकिलानं मला विचारलं, त्या संध्याकाळी ही तुमच्याकडे आली होती ना? विरजण मागायला?

मी म्हणाले, "न्हाई."

तिला जन्मठेप झाली. तुम्हाला वाटेल, बिचारी भावकीला भ्याली. मीही स्वतःला तसंच सांगत आले. पण नाही हो. आली होती म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग तुम्ही काय केलंत? त्या प्रश्नाला भ्याले मी. माझ्या लेकीचं लग्न त्याच सिरसाळ्याच्या घरात झालं. सुखी आहे.

गेल्या साली कौसल्या तुरुंगातून थोड्या दिवसांच्या रजेवर आली. पोरीचं लग्न होतं, घाटनांदूरला, मामाच्या दारात. पोरगी तिथंच वाढली. मी गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. तिचे केस पांढरे झालेत. तिनं मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

"अक्का, तुमी कोर्टात बोलला ते भावकीपायी, मला कळतंय. मनात ठिवू नका. चूक माजीच झाली. जरा आदी निगाले असते तर दिवा लागला नसता."

सांगायची ती वेळ होती. मी काय म्हणाले असेन? "जाऊ दे गं, नशिबाचे भोग." आणि रडले. तिनं तिच्या पदरानं माझे डोळे पुसले — मी पुसू दिले.

रजा संपली, ती परत गेली. तिथं बसून अजूनही ती स्वतःला दोष देत असेल, की मला उशीर झाला.

तिला उशीर झाला नव्हता. ऊन होतं.