तानुअक्काची भाडेकरू

शिरपुरात करवंद नाक्याजवळ तानुबाईची खानावळ आहे. पाटी नाही, दरपत्रक नाही, तरी पोरं वास काढत बरोबर येतात. कळण्याची भाकरी, शेवभाजी, आणि तिखटाबद्दल कुरकुर केलीच तर वर चार शिव्या फुकट. साठीला टेकलेली ही बाई सगळ्या कॉलेजची अक्का. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पोटी मूल नाही. पण ‘बिचारी एकटी’ असं कोणी म्हटलं की तिचं डोकं सणकायचं.

सुआद तिच्याकडे रोज जेवायची. सुदानची पोर, फार्मसी शिकायला आलेली. तिचं शिक्षण चालू असतानाच तिकडे लढाई पेटली. ओमदुरमानमधल्या तिच्या घरावर तोफगोळा पडला. वडील जागीच गेले, आई धाकट्यांना घेऊन सीमेपलीकडच्या छावणीत पोचली. शेवटची परीक्षा झाली तशी सुआदची हॉस्टेलची खोली गेली. परत जायचं तर कुठे जायचं?

तानुबाईने सल्ला दिला नाही की धीराचं बोलली नाही. हॉस्टेलच्या फाटकापाशी गेली, पोरीची बॅग उचलली आणि म्हणाली, “चाल मनासंगे. घरमा बठ्ठी जागा रिकामीच शे.”

खानावळीत ताटाचे पैसे ती रोखठोक घ्यायची. पण घरात झोपतो तो पाहुणा, आणि पाहुण्याकडून भाडं घ्यायचं म्हणजे तिच्या लेखी तोंडाला काळं फासून घेणं. सुआदचं अंथरूण तिने माळ्यावर नाही, स्वतःच्या खाटेशेजारी टाकलं.

कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारी नूतन तिला सांगायला आली, “अक्का, परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत पोलिसांना कळवावं लागतं. फॉर्म भरावा लागतो.”

“पाव्हनानी कसानी नोंद?” अक्का उसळली. “तुनी बहीण माहेरले ऊनी, तवय तू पोलीसमा गयथी का?”

नूतन हात जोडून परत गेली. ती बरोबर होती, आणि अक्काला ते ऐकायचं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात हवालदार जीवराम चौकशीला आला. तोही इथलाच जेवणारा. “अक्का, घरात कोणी भाडेकरू?” त्याने विचारलं. पोरीला उचलून नेतात की काय, अशी भीती तानुबाईला वाटली, पण तोंडावर काही न दाखवता ती ठासून म्हणाली, “भाडेकरू कोणी नही. ही मनी भाची शे.” जीवरामने सुआदकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. मग सांगितलं तसं लिहून घेतलं आणि अक्काची सही घेतली. त्या दिवसापासून सुआद तिला मावशी म्हणू लागली.

सात महिन्यांनी पोरीची राहण्याची मुदत संपत आली. मुदतवाढीचा तिचा अर्ज अडकला आणि दोघींना धुळ्याला बोलावणं आलं. नरडाणा गेलं, सोनगीर गेलं, एसटी धुळ्याला पोचली.

परदेशी नागरिकांचं काम पाहणाऱ्या साहेबाने अक्काचा जुना जबाब टेबलावर ठेवला. “बाई, यात भाडेकरू नाही, भाची लिहिलंय. म्हणजे तुमच्या कागदाप्रमाणे ही परदेशी मुलगी सात महिने कुठेच राहिलेली नाही.”

माणूस वाईट नव्हता. त्याने नीट समजावून सांगितलं. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत तिचं नाव लागलं तरी इथे पत्ता लागतोच. पत्ता नाही तर मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही तर देश सोडायचा.

आपण छप्पर दिलं असं तानुबाई समजत होती, आणि तिच्याच सहीने पोर रस्त्यावर आली होती. स्वतःचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता.

“चूक मनी शे, साहेब. गुन्हा मनावर टाका. पोरले राहू द्या.”

“तुम्हाला नोटीस येईल, तिचं उत्तर द्यावं लागेल,” साहेब म्हणाला. “नवा जबाब द्या, फॉर्म भरा, पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार करा. पुन्हा पडताळणी होईल. दोघींची उत्तरं जुळली पाहिजेत. ‘भाची’ परत कानावर आलं, तर माझा इलाज नाही.”

फॉर्म नूतनने भरला. ‘नाते’ या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. अक्का जमिनीकडे बघत म्हणाली, “नही म्हणीसन लिख.”

अंथरूण माळ्यावर गेलं. भाडं ठरलं. आणि भाकऱ्या थापता थापता अक्काची शाळा सुरू झाली. “मी कोण?”

“मावशी.”

“परत!”

“घर... मालक.”

पहिल्या दिवशी सुआद हसली. तिसऱ्या दिवशी रडली. अक्का खेकसली, “रडाले काय व्हयनं? बोल परत!” आणि तोंड चुलीकडे फिरवून फुंकर मारत बसली, चूल चांगली पेटलेली असताना.

गुरुवारी भर दुपारी जीवराम आला. आज तो जेवायला बसला नाही, अक्काने पुढे केलेलं पाणीही त्याने घेतलं नाही. वही उघडून त्याने सुआदला विचारलं, “या तुमच्या कोण?”

“घरमालक,” सुआद म्हणाली. एकदाही न अडखळता.

“राहता कुठे?”

“वर. भाड्याने.”

“यांच्याशी नातं?”

हे उत्तर तानुबाईने शिकवलंच नव्हतं. आठ दिवसांत तिची जीभच वळली नव्हती. तिने पदर तोंडाशी धरला.

सुआदने तिच्याकडे पाहिलं नाही. “काही नाही,” ती म्हणाली.

जीवरामने लिहून घेतलं. वही अक्कापुढे सरकवत तो हळूच म्हणाला, “जुळतंय सगळं. मुदतवाढ मिळायला आता अडचण नाही. बरोबर आहे ना, अक्का?”

“बरोबर शे, भाऊ,” तानुबाई म्हणाली, आणि सही करायला तिने पेन घेतलं.