कालिपा एजेची अशार

३ जुलै २०१८ रोजी आमच्या संस्थेच्या खात्यावर ७,४८० सोम शिल्लक होते. आदल्या दुपारी डोंगरातून चिखलाचा लोंढा उतरला होता आणि सारी-तेरेक गावाच्या वरच्या आळीतल्या घरांत खिडकीपर्यंत गाळ बसला होता. तेवढ्या पैशांत गाळ उपसायच्या यंत्राचं जेमतेम एका दिवसाचं डिझेल येतं. यंत्र रस्ता मोकळा करतं, घरात शिरत नाही. घरातलं काम फावड्यांनी, म्हणजे माणसांनी करायचं, आणि माणसं गोळा करणं हे कालिपा एजेचं काम.

मी जिल्ह्याच्या या आपत्ती मदत संस्थेत हिशेब सांभाळतो. कालिपा माझ्याहून लहान, पण सगळं गाव तिला एजे, म्हणजे ताई, म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. ती मला बाइके, म्हणजे दादा, म्हणते. पूर्वी ती टेलिफोन केंद्रात होती. केंद्र बंद पडलं, नवरा वारला, मुलगा रशियात बांधकामावर गेला. नंतर एका वर्षी नदीने पूल नेला, तेव्हा तिने घरबसल्या फोन करकरून निम्मा जिल्हा जमवला. पुढच्या महिन्यात ती अर्ध्या पगारावर आमच्याकडे आली. लोंढ्यांचा हंगाम संपला की दर वर्षी ती माझ्या खोलीतल्या पिठाच्या पोत्यावर बसते, एक रबरी बूट काढते आणि दुसरा काढायचा विसरून म्हणते, "बाइके, हे शेवटचं. आता गुडघे ऐकत नाहीत." पहिली काही वर्षं मी तिची समजूत घालत असे. आता मी चहा ठेवतो.

त्या वर्षी राजधानीतल्या मुख्य कचेरीने रंगीत पत्रकं पाठवली होती. वर हसरी तरुण मुलं आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आपत्ती मदतीत स्वयंसेवेच्या संधी. आजच नाव नोंदवा.' कालिपाने एक पत्रक जुमाकादिर खाटकाच्या दुकानाच्या दारावर चिकटवलं, कारण गावातला प्रत्येक जण तिथे येतोच.

जुमाकादिर सुरी पुसत बाहेर आला आणि मोठ्याने वाचू लागला. "संधी? कसली संधी, एजे?"

"गाळ काढायची."

"ती तर माझ्या बहिणीच्या अंगणात फुकट आहे. तिने दारावर लिहिलंही नाही."

"मग जा ना बहिणीकडे."

"जाणारच आहे. पण नाव नोंदवून गेलो तर ती विचारेल, मी तुझी बहीण की कचेरी?"

दोन दिवसांत तीन नावं आली. त्यातलं एक कालिपाचं आणि एक माझं होतं.

गुरुवारी कालिपा दुकानावर गेली, पत्रक काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'शनिवारी सायराकान अपाच्या घरी अशार.' अशार म्हणजे एका घरचं काम सगळ्यांनी मिळून करायचं. मजुरी नसते. नाव नोंदवायचं नसतं. कळलं की फावडं घेऊन जायचं. संध्याकाळपर्यंत चाळीसेक माणसांनी येतो म्हणून सांगितलं, त्यांत जुमाकादिरही. कालिपा त्या दिवशी पोत्यावर बसून थोडा वेळ झोपलीसुद्धा.

शुक्रवारी आम्ही दोघं सायराकान अपाला सांगायला वर गेलो. अपा म्हणजे आईच्या मानाची बाई. ही म्हातारी, विधवा. मुलगा आणि सून मॉस्कोत आणि तीन नातवंडं तिच्याकडे. तिच्या मेंढ्या गोठ्यासकट वाहून गेल्या होत्या. दुभती गाय तेवढी वरच्या उतारावर बांधलेली म्हणून वाचली होती. जर्दाळूची झाडं कमरेपर्यंत गाळात होती आणि फळं आता हाताला येत होती. फाटकाशी एक छोटा ट्रक उभा होता आणि एक अनोळखी माणूस गायीचे दात बघत होता.

"अपा, हा कोण?" कालिपाने विचारलं.

"गुरांचा व्यापारी. गाय नेतोय. बदल्यात एक मेंढा, पीठ आणि तेल देतोय."

"गायीच्या बदल्यात मेंढा? आणि पोरांनी काय प्यायचं?"

"उद्या माझ्या दारात चाळीस माणसं राबणार. तूच लिहिलंस ना? त्यांना काय वाढू, गाळ?"

कालिपा हळूच भिंतीच्या तुकड्यावर टेकली. अशारीला येणाऱ्याला पोटभर जेवू घालायचं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. तिलाही होतं, मलाही होतं. माणसं मिळाली या आनंदात आम्ही दोघांनी त्याचा विचारच केला नव्हता.

"अपा, ते मदतीला येतायत. त्यांना जेवण नकोय."

"मदत असती तर मदत लिहिलं असतंस. तू अशार लिहिलंस. हे घर माझ्या नवऱ्याने अशारीवर बांधलं, तेव्हा आम्ही दोन मेंढे कापले. आता लोक म्हणतील, म्हातारीने उपाशीपोटी राबवून घेतलं."

मी मध्ये पडलो. "अपा, संस्थेचा नियमच आहे. स्वयंसेवकांनी आपत्तीग्रस्त घरी काही खायचं नाही."

"मग तुझ्या नियमाला सांग, ये आणि फावडं धर."

व्यापाऱ्याने गायीचा दोर सोडून हातात घेतला. "लवकर ठरवा, आई. ट्रक भाड्याचा आहे."

कालिपा गुडघ्यांवर हात दाबून उठली. "अपा, अशार कोणाची?"

"माझी."

"बोलावली कोणी?"

"तू."

"तुला विचारलं होतं?"

"कुठे विचारलंस?"

"मग अशार माझी. बोलावणारा जेवू घालतो."

"वा गं! गाळ माझा आणि अशार तुझी?"

"हो. गाळ तुझा, मटणाचं शोर्पो माझं."

व्यापारी हसला. अपा हसली नाही. "माझ्या अंगणात तुझ्या शोर्प्याची कढई चढणार आणि मी काय, पाहुणी होऊन बसू?"

कालिपाने डोळे मिटले. तिला झोप लागली की काय, असं मला क्षणभर वाटलं. मग ती म्हणाली, "चाळीस माणसांचा चहा कोण करणार? आपल्याकडे बिनदुधाचा चहा कोण पितं? गाय दिलीस तर त्यात काय घालशील?"

अपाने गायीकडे बघितलं, मग व्यापाऱ्याकडे. त्याच्या हातातून तिने दोर काढून घेतला. "सकाळचं दूध पुरणार नाही," ती म्हणाली. "आज संध्याकाळचंही ठेवावं लागेल."

उतरताना कालिपाने विचारलं, "बाइके, संस्थेतून काही निघेल?"

"जेवणाला काही नाही. होतं ते डिझेलला गेलं."

"माहीत होतं. विचारायचं म्हणून विचारलं."

जुमाकादिरने दुकानातून तिला लांबूनच पाहिलं. "काय एजे, माझ्यासाठी आणखी एखादी संधी?"

"आहे. उधार द्यायची."

त्याने ३,१५० सोमांचं मटण तोडलं. कालिपाकडे दीड हजार होते, ते तिने दिले. बटाटे तिच्या तळघरातले, कढई माझ्या घरची.

शनिवारी ठरल्यापेक्षा जास्तच माणसं आली. संध्याकाळी जमिनीच्या फळ्या दिसू लागल्या आणि अपाच्या नातीने त्यांवर पाय आपटून पाहिले. कालिपाने उभ्यानेच सगळ्यांना वाढलं. जो तो म्हणाला, शोर्प्यात मटण कमी आहे, आणि जो तो दुसऱ्यांदा वाढून घेऊन गेला. अपा चहाच्या किटलीशी बसली होती. चहाचा वाडगा अर्धाच भरायचा, ही आमच्याकडची मान द्यायची रीत. त्या दिवशी ती तो अर्ध्याहूनही कमी भरत होती. मानासाठी की दूध पुरावं म्हणून, हे कोणी विचारलं नाही.

सोमवारी मुख्य कचेरीतून फोन आला. संधीचा लाभ किती जणांनी घेतला, हे त्यांना हवं होतं. कालिपा पोत्यावर बसली होती, एका पायात बूट.

"काय सांगू?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"तीन नावं आली म्हणून सांगा. बाकीचे अशारीला आले होते." मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाइके, हे शेवटचं."

मी चहा ठेवला. ऑगस्टमध्ये खालच्या गावात पुन्हा लोंढा आला आणि ती बूट चढवून तिकडे गेली. अपाची गाय अजून दूध देते. कालिपा एजे मटणाचे पैसे थोडे थोडे करून फेडतेय. जुमाकादिरचे तिच्याकडे अजून साडेतीनशे सोम येणे आहेत.