धर्मपाल मास्तरांची एकच प्रत

धर्मपाल ताकसांडे वणीच्या एका शाळेत फारसी शिकवत. आठवीत त्यांना संस्कृतच्या वर्गातून उठवले होते. "तुले कायले देवाची भाषा? फारसी घे, मार्क पडतात," असे तेव्हाचे मास्तर म्हणाले होते. त्यांनी फारसी घेतली आणि मार्क पाडले. १९६१ साली फारसी शिकवणारे म्हातारे मौलवी वारले, तेव्हा त्याच शाळेने ताकसांड्यांना हंगामी शिक्षक म्हणून घेतले. वर्गात नऊ मुले होती.

ही मुले फारसी नुसती घोकत. न समजता ओरडलेली वाक्ये ऐकून ताकसांड्यांना शिसारी येई. त्यांनी मराठीतून वही लिहायला घेतली. पहिल्या पानावर एकच वाक्य होते : मन् किताब रा खांदम. मी पुस्तक वाचले. खाली लिहिले होते : क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, भिऊ नका. जे वाचले त्याला 'रा' चिकटतो, आपल्या 'ला'सारखा. फरक पुढे आहे. आपण 'पोथी वाचली', 'ग्रंथ वाचला' म्हणतो. आपले क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते. फारसीत लिंग नाही. तिथले क्रियापद वाचणाऱ्याप्रमाणे बदलते. 'खांदम'मधला शेवटचा 'म' म्हणजेच मी, म्हणून 'मन्' गाळला तरी चालतो.

अशी चौऱ्याण्णव पाने झाली. दोन वर्षे लागली. प्रत एकच.

तपासणीला आलेले साहेब म्हणाले, वही पाठवा. पसंत पडली तर नोकरी कायम करायची शिफारस करतो. पण वही शाळा समितीच्या चिटणिसांमार्फत यायला हवी होती. ताकसांडे वही घेऊन गेले तेव्हा चिटणीस आबाजी घरी नव्हते. त्यांच्या आईने वही हातात घेतली नाही, ओट्यावर ठेवायला लावली. ताकसांडे वळताच तिने गोमूत्र आणले. बौद्धांच्या वस्तीतून आलेल्या वस्तूवर त्या घरात ते शिंपडतच. म्हातारी कामात चोख. विटाळ आत राहू नये म्हणून तिने पाने उलटून उलटून शिंपडले, असे शेजारणीने पाहिले. शाई पुडीची होती. ती पसरली.

पंधरा दिवसांनी वही परत आली. साहेबांचा शेरा होता : अक्षर वाचता येत नाही.

ताकसांड्यांच्या आईने, तुळसाबाईंनी, नाकाला पदर लावला. "वास कायचा येऊन राह्यला रे?"

"गोमूत्राचा, माय."

"वहीले?"

"वहीले."

ताकसांडे आबाजींकडे गेले. आबाजी सुपारी कातरत होते.

"म्हातारी जुन्या वळणाची आहे, मास्तर. तिले काय सांगता? पुन्हा लिहा. आता पाण्यानं न जाणारी शाई घ्या."

"म्हणजे पुन्हा शिंपडणार?"

"घरातला रिवाज आहे. तुमचं काय जाते?"

"दोन वर्षं गेली."

"अजून तरुण आहा तुमी."

"मी लिहीत नाही."

"मग कायम होणं मुश्किल आहे, मास्तर."

"राहू द्या."

आबाजींनी सुपारीचे तबक पुढे सरकवले नाही. तसे ते कधीच सरकवले नव्हते. जूनमध्ये ताकसांड्यांना परत घेतले नाही. ते एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर खुणा घालायला लागले. फारसीचा वर्ग नव्या मास्तरांकडे गेला. ते सगळे पाठ करून घेतात. निकाल चांगला लागतो.